लोकलेखा समितीसमोर सचिवाची साक्ष: तयारी अर्धसमासापासूनच कशी करावी

संसदेच्या लोकलेखा समितीसमोरची साक्ष तास-दोन तासांत आटोपते. त्या वेळी विचारले जाणारे बहुतेक प्रश्न मात्र लेखापरीक्षकाने खूप आधी, एखाद्या दूरच्या कार्यालयात बसून, अर्धसमासावर (उत्तरासाठी अर्धे पान मोकळे सोडलेल्या आक्षेपाच्या कागदावर) लिहून दिलेले असतात. तेव्हा कोणी धड उत्तर दिले नाही म्हणून तोच आक्षेप वर चढत सचिवाच्या टेबलावर येतो. समितीची सूचना हाती पडल्यावर तयारी सुरू करणारे खाते त्यामुळे नेहमीच उशिरा जागे झालेले असते. पुढील टिपण केंद्रातल्या मंत्रालयांतील अवर सचिव, उपसचिव, वित्त सल्लागार यांच्या कार्यालयांसाठी आणि मुख्यतः सचिवांसाठी आहे. महाराष्ट्र विधानमंडळाच्या समित्यांची वाटही साधारण अशीच आहे. कागदांची नावे वेगळी आहेत, ती त्या त्या ठिकाणी दिली आहेत.

उत्तर कोणी द्यायचे

सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम ७० नुसार सचिव हा मंत्रालयाचा मुख्य लेखा प्राधिकारी असतो. मंत्रालयाच्या आर्थिक व्यवस्थापनाची जबाबदारी त्याच्यावर आहे. लोकलेखा समितीसमोर आणि संसदेच्या अन्य समित्यांसमोर तपासणीसाठी हजर राहणे हेही त्याच नियमात त्याचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. दुसरीकडे, लोकसभा अध्यक्षांच्या निदेश क्रमांक ९९ नुसार लेख्यांच्या किंवा अंदाजांच्या तपासणीसाठी मंत्र्याला समितीसमोर बोलावता येत नाही. मंत्री सभागृहाला उत्तर देतो. पैशाचा हिशेब समितीपुढे सचिव देतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ‘तेव्हा मी या पदावर नव्हतो’ हे उत्तर होऊ शकत नाही. साक्ष खुर्चीची असते. चार सचिवांपूर्वी झालेल्या खरेदीचे उत्तरही आज त्या खुर्चीत बसलेल्याने द्यायचे असते. दुसरी, सहसचिवाला परस्पर पाठवता येत नाही. सचिवाला खरोखरच येता येत नसेल तर कारणासह विनंतीपत्र आधी समिती सचिवालयाकडे जायला हवे आणि समितीच्या अध्यक्षांची परवानगी हातात असायला हवी. परवानगीशिवाय दुसरा अधिकारी गेला तर समिती बैठक पुढे ढकलू शकते, आणि त्या मंत्रालयाबद्दल सदस्यांचे मत पहिल्याच दिवशी कडवट होते.

आणखी एक मुद्दा, जो साक्षीच्या वेळी उपयोगी पडतो पण पाळायचा असतो निर्णयाच्या वेळी. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ मधील नियम ३ सांगतो की वरिष्ठांचे आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावेत. तोंडी आदेश मिळाला तर अधिकाऱ्याने शक्य तितक्या लवकर लेखी दुजोरा मागावा आणि वरिष्ठाने तो द्यावा. नस्तीवर (फाईलवर) असा दुजोरा नसेल तर पुढे समितीसमोर ‘तसे सांगण्यात आले होते’ या वाक्याला काही किंमत उरत नाही. आपला प्रतिकूल सल्ला टिपणीत दोन ओळींत स्वच्छ लिहून ठेवणारा अधिकारी स्वतःचेच नव्हे, पुढच्या सचिवाचेही रक्षण करतो.

आक्षेप कसा वर चढतो

लेखापरीक्षण पथक कार्यालयात असतानाच अर्धसमास पत्रे देते: डाव्या अर्ध्या भागात प्रश्न, उजवा अर्धा उत्तरासाठी मोकळा. त्यांतले जे सुटत नाहीत ते निरीक्षण अहवालात जातात. गंभीर असतील ते मसुदा परिच्छेद (छापील अहवालात जाऊ शकणाऱ्या आक्षेपाचा मसुदा) होऊन थेट सचिवाच्या नावे अर्धशासकीय पत्राने येतात आणि उत्तरासाठी सहा आठवडे मिळतात. कामगिरी लेखापरीक्षण असेल तर सुरुवातीला प्रवेश बैठक आणि शेवटी निर्गम बैठक होते.

हे सहा आठवडे संपूर्ण प्रक्रियेतले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत जास्त वाया घालवले जाणारे. पत्र सचिवाच्या कार्यालयातून विभागप्रमुखाकडे, तिथून क्षेत्रीय कार्यालयाकडे जाते. क्षेत्रीय कार्यालय ‘माहिती मागवली आहे’ असे कळवते आणि मुदत संपते. मग छापील अहवालात वाक्य येते की मंत्रालयाचे उत्तर प्राप्त झाले नाही. समितीत पहिला प्रश्न याच वाक्यावर येतो आणि त्याला बचाव नसतो.

उपाय साधा आहे. मसुदा परिच्छेद आल्याच्या दिवशी त्याला एक जबाबदार अधिकारी नेमा, सहसचिव दर्जाचा. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी क्षेत्रीय कार्यालयाचे उत्तर मूळ कागदांसह आलेच पाहिजे असे कळवा. चौथ्या आठवड्यात वित्त सल्लागाराकडून आकडे तपासून घ्या. पाचव्या आठवड्यात सचिवाने स्वतः वाचावे. सहावा आठवडा हाताशी राखीव ठेवा. पूर्ण उत्तर शक्य नसेल तर जेवढे कागदांनिशी सिद्ध होते तेवढे पाठवा आणि उरलेल्याची तारीख द्या. योग्य पुरावा वेळेत गेला तर परिच्छेद वगळला जातो किंवा त्यातली रक्कम कमी होते. छापून आल्यावर ती सोय राहत नाही.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे केंद्राबाबतचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतात. समिती त्यातले काही विषय तोंडी साक्षीसाठी निवडते. ‘आपला परिच्छेद निवडलेला नाही’ म्हणून निर्धास्त होणे ही नेहमीची चूक. न निवडलेल्या परिच्छेदांवरही अहवाल सभागृहात ठेवल्यापासून चार महिन्यांच्या आत कार्यवाही टिपण (आक्षेपावर काय केले ते सांगणारे लेखी उत्तर) द्यावे लागते, तेही लेखापरीक्षेकडून पडताळून घेतलेले. केंद्रात या टिपणांचा माग लेखापरीक्षा परिच्छेद संनियंत्रणाच्या पोर्टलवर ठेवला जातो, त्यामुळे कोणाचे किती थकले आहे ते समितीला एका नजरेत दिसते. महाराष्ट्रात याच कागदाला स्पष्टीकरणात्मक ज्ञापन म्हणतात. ते महालेखाकारांकडून पडताळून विधानमंडळ सचिवालयाकडे जाते.

पडताळणी हा केवळ सोपस्कार समजू नका. तिथेच लेखापरीक्षा सांगते की अमुक कागद आम्हाला दाखवलाच नाही, किंवा वसुलीचा आकडा चलनाशी जुळत नाही. हे समितीच्या खोलीत ऐकण्यापेक्षा पत्रातून कळलेले केव्हाही बरे.

विनियोजन लेख्यांकडे (मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या हिशेबाकडे) बहुतेक खाती दुर्लक्ष करतात, पण समितीचे ते मूळ काम. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील नियम ३०८ नुसार तिने तपासायचे असते की खर्च केलेला पैसा त्या कामासाठी कायदेशीररीत्या उपलब्ध होता का, खर्च योग्य अधिकाराने झाला का आणि पुनर्विनियोजन (एका बाबीची रक्कम दुसरीकडे वळवणे) नियमानुसार झाले का. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर अनुच्छेद ११५ नुसार तो संसदेकडून नियमित करून घ्यावा लागतो, आणि त्याआधी समिती कारणे तपासते. एखाद्या अनुदानाखाली १०० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त बचत झाली तरी समितीला स्पष्टीकरण द्यावे लागते. ‘बचत’ या शब्दाने फसू नका. योजनेसाठी मागितलेला पैसा वापरला गेला नाही, असा त्याचा इथे अर्थ. मार्चअखेर न वापरलेला निधी समर्पित (परत) केला आणि डिसेंबरात त्याच शीर्षाखाली पुरवणी मागणी केली होती, अशी जोडी सापडली तर प्रश्न ठरलेला.

लेखी उत्तरे: इथेच साक्ष जिंकली किंवा हरली जाते

विषय निवडल्यावर समिती सचिवालय पार्श्वभूमीपर टिपण मागते आणि नंतर प्रश्नांची यादी पाठवते. या यादीवरची लेखी उत्तरे सदस्य समोर ठेवून बसतात. ती आदल्या संध्याकाळी पोहोचवू नका. सदस्यांना वाचायला वेळ मिळाला नाही तर साक्षीत तेच प्रश्न पुन्हा येतात, जास्त तीव्रतेने.

उत्तरातली पहिली गोष्ट म्हणजे रकमेचा मेळ. समजा परिच्छेदात १२.४० कोटी रुपयांचा टाळता येण्याजोगा खर्च दाखवला आहे. मंत्रालयाचे उत्तर असे असावे: ७.१५ कोटी मान्य, त्यांपैकी २.६० कोटी वसूल (चलन क्रमांक व तारखा जोडपत्रात), ४.५५ कोटींची वसुली चालू, ३.०५ कोटींबाबत लवाद सुरू, २.२० कोटी अमान्य, कारण मोजणीत एकच देयक दोनदा धरले गेले. बेरीज १२.४०. ज्या उत्तरातली बेरीज परिच्छेदाच्या आकड्याला येऊन मिळत नाही ते उत्तर अपुरे आहे, मग भाषा कितीही सफाईदार असो.

दुसरी गोष्ट घटनाक्रम. एका पानावर तारखा: प्रस्ताव, वित्त विभागाचे मत, मंजुरी, निविदा, कार्यादेश, मुदतवाढी, देयके, आक्षेप, कारवाई. दोन तारखांमध्ये मोठे अंतर असेल तर त्याचे कारण तिथेच लिहा. चौदा महिने नस्ती कुठे होती हा प्रश्न येणारच. नेमके टेबल माहीत नसेल तर सचिवाला खाली बघावे लागते.

तिसरी गोष्ट जबाबदारी. ‘जबाबदारी निश्चित करण्याची कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य समितीने इतक्यांदा ऐकलेले असते की त्यानंतर लगेच ‘कधीपासून?’ असा प्रतिप्रश्न येतो. चौकशीचा आदेश कोणत्या तारखेचा, चौकशी अधिकारी कोणत्या दर्जाचा, किती जणांना दोषारोपपत्र दिले, किती निवृत्त झाले आणि त्यांच्याबाबत काय करता येते, हे आकड्यांत द्या. कारवाई झालीच नसेल तर तसे लिहा आणि कधी करणार ती तारीख लिहा.

चौथी, पद्धतीतला बदल. चूक एका माणसाची होती की पद्धतीची? परिपत्रक काढले हे पुरेसे नसते. त्या परिपत्रकानंतर तीच चूक पुन्हा झाली का ते तपासून सांगा.

काही शब्द उत्तरातून काढूनच टाका: ‘नोंद घेतली’, ‘यथोचित कार्यवाही’, ‘सक्षम स्तरावर निर्णय’. शेवटचा तर फारच घातक. सक्षम स्तर म्हणजे कोण, निर्णयाची तारीख कोणती आणि त्याआधी खात्याने काय सल्ला दिला होता, हे समिती विचारतेच.

प्रकरण न्यायालयात असेल तर ‘न्यायप्रविष्ट’ एवढा एकच शब्द लिहून थांबू नका. दाव्याचा क्रमांक, न्यायालय, स्थगिती आहे की नाही, पुढची तारीख आणि सरकारच्या शपथपत्रातली भूमिका द्या. स्थगिती नसताना वसुली का थांबली, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे खरे उत्तर बहुधा कोणी पाठपुरावा केला नाही, हेच असते.

समितीने मागितलेला दस्तऐवज द्यायचा नसेल तर लोकसभेच्या त्याच कार्यपद्धती नियमांतला नियम २७० पाहा. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाध येईल या कारणाने दस्तऐवज सादर करण्यास सरकार नकार देऊ शकते. हा अधिकार सरकारचा आहे, अधिकाऱ्याचा नाही. तेव्हा मंत्र्यांसमोर नस्ती मांडून निर्णय घ्या आणि तो साक्षीच्या आधी लेखी कळवा. एखादा दस्तऐवज किंवा साक्ष संबंधित आहे की नाही असा वाद उभा राहिला तर तो लोकसभा अध्यक्षांकडे जातो आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. अडचणीचा कागद ‘सापडत नाही’ म्हणून दडवणे हा यातला सर्वांत वाईट मार्ग. तो पुढे सापडतो, आणि मग मूळ आक्षेप बाजूला राहून विशेषाधिकारभंगाचा (संसदेच्या अधिकारांच्या उल्लंघनाचा) प्रश्न उभा राहतो.

सचिवाची फाईल आणि तालीम

सचिवाच्या हातातली फाईल १२ ते १५ पानांच्या वर जाऊ देऊ नका. त्यात परिच्छेदाची प्रत, रकमेचा मेळ, घटनाक्रम, महत्त्वाच्या टिपणींच्या तीन-चार छायाप्रती, जबाबदारीचा तक्ता आणि याच विषयावर समितीने पूर्वी केलेल्या शिफारशी असाव्यात. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. जुन्या अहवालात मान्य केलेली शिफारस अमलात आली नसेल तर सदस्य तोच अहवाल उघडतात. मूळ नस्त्या मागच्या रांगेतल्या अधिकाऱ्यांकडे खुणेच्या चिठ्ठ्या लावून ठेवा.

आदल्या दिवशी दीड-दोन तासांची तालीम घ्या. वित्त सल्लागार आणि मुख्य लेखा नियंत्रक यांना समितीच्या जागी बसवा आणि त्यांनी खरोखर अवघड प्रश्न विचारावेत. ज्या प्रश्नाला दोन अधिकारी दोन आकडे सांगतात, तिथे उत्तर तयार नाही असे समजा. सोबत विषय जाणणारे चार-पाच जण पुरेत. वीस जणांचा ताफा नेला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो.

समितीच्या खोलीत

समितीत २२ सदस्य असतात: लोकसभेचे १५, राज्यसभेचे ७. मंत्री सदस्य होऊ शकत नाही आणि मुदत एक वर्षाची. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. म्हणून प्रश्नामागे पक्ष शोधू नका. हिशेबाच्या बाबतीत सत्ताधारी सदस्यही तितकेच कडक असू शकतात आणि अहवाल शेवटी समितीचा म्हणून येतो. महालेखापरीक्षक बैठकीत समितीला साहाय्य करायला उपस्थित असतात, त्यांच्याशी तिथे वाद घालू नका. आकड्यावर मतभेद असेल तर तो पडताळणीच्या टप्प्यावर मिटवायचा होता. तिथे प्रथमच नवा कागद काढलात तर समिती त्याला पुरावा मानण्याऐवजी इतके दिवस तो का दाखवला नाही असे विचारेल.

आत गेल्यावर अध्यक्षांना किंचित लवून अभिवादन करावे, सांगितलेल्या जागी बसावे. शपथ द्यायची की नाही हे समिती ठरवते. बैठक खासगी असते. साक्ष सार्वजनिक मानली जाईल आणि प्रसिद्ध होऊ शकेल, हे समितीचे अध्यक्ष लोकसभा अध्यक्षांच्या निदेश ५८ नुसार आरंभी सांगतात. एखादा भाग गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते, पण तोही संसद सदस्यांना उपलब्ध होऊ शकतो. बोलणे नेहमी अध्यक्षांना उद्देशून. साक्ष देताना काही चघळणे, धूम्रपान करणे निषिद्ध. निघतानाही अभिवादन. उत्तर नाकारणे, टाळाटाळ करणे, जाणूनबुजून खोटे सांगणे किंवा सत्य दडवणे, समितीची दिशाभूल करणे, उर्मट उत्तर देणे, संबंधित कागद नष्ट करणे हे सारे विशेषाधिकारभंगात मोडते.

प्रास्ताविक पाच मिनिटांत संपवा, आणि त्यात योजनेचे गुणगान नको. आधी अध्यक्ष विचारतात, मग सदस्य एकेक करून. उत्तराची सुरुवात ‘हो’, ‘नाही’ किंवा आकड्याने करा, स्पष्टीकरण त्यानंतर. आकडा नक्की माहीत नसेल तर ‘तपासून लेखी कळवतो’ म्हणा, पण हे वाक्य एका बैठकीत तीन-चारदापेक्षा जास्त वापरावे लागले तर तयारी झालेली नव्हती हे सगळ्यांना कळते. अंदाजाने आकडा कधीही सांगू नका. शब्दशः नोंद होत असते.

धोरण योग्य की अयोग्य यावर सचिवाने मत देण्याची गरज नसते. लोकलेखा समिती धोरणाच्या गुणदोषात शिरत नाही. पण धोरण राबवताना पैसा कसा गेला हे ती पूर्ण खोलात विचारू शकते, तेव्हा ‘हा धोरणाचा प्रश्न आहे’ ही ढाल निविदेच्या अटींसाठी किंवा थकीत वसुलीसाठी पुढे करू नका.

चूक झाली असेल तर ती पहिल्या दहा मिनिटांतच मान्य करावी, असा आमचा आग्रह आहे. ‘इथे आमची चूक झाली, इतके वसूल झाले, इतके बाकी आहे, अमुक तारखेपर्यंत करू’ असे सचिवाने म्हटल्यावर बैठकीचा सूरच बदलतो. सदस्य दोष शोधण्याऐवजी उपायांबद्दल विचारू लागतात. अर्धे मान्य, अर्धे नाकबूल अशी कसरत तासभर केली की तेच मान्य करावे लागते, आणि विश्वास मात्र गेलेला असतो. शेवटी अध्यक्ष विचारतात की राहिलेला एखादा मुद्दा मांडायचा आहे का. नियम २७३ मध्ये याची तरतूद आहे. त्यासाठी एकच मुद्दा तयार ठेवा, उदाहरणार्थ मनुष्यबळाची किंवा कायद्यातली खरी अडचण. समितीने ती शिफारशीत घेतली तर खात्याचे बळ वाढते.

साक्षीनंतर

बाहेर आल्याबरोबर, त्याच दिवशी, सोबतच्या अधिकाऱ्यांच्या नोंदी एकत्र करून दिलेल्या आश्वासनांची यादी करा: कोणती माहिती, कोणी द्यायची, कधी. सचिवालयाचे पत्र येण्याची वाट पाहू नका. साक्षीची शब्दशः नोंद दुरुस्तीसाठी येते, त्यात ऐकण्या-लिहिण्यातल्या चुका दुरुस्त करायच्या असतात. दिलेले उत्तर बदलायचे नसते. चुकीचे उत्तर गेले असेल तर स्वतंत्र पत्राने तसे कळवा, समितीने शोधून काढण्याआधी. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत साक्षीतले काहीही पत्रकारांना सांगू नका. नियम २७५ नुसार ते गोपनीय आहे.

अहवाल मांडल्यापासून सहा महिन्यांत, लेखापरीक्षेने पडताळलेली कार्यवाही टिपणे द्यावी लागतात. समितीच्या पुढील अहवालात प्रत्येक शिफारस एका प्रकरणात बसते: दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या, तिसऱ्यात उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात उत्तर अमान्य करून पुन्हा मांडलेल्या, पाचव्यात अंतरिम उत्तराच्या. पाचवे प्रकरण खात्याच्या सुस्तीचे. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे तिथे जाऊन पडते आणि वर्षानुवर्षे पडून राहते. चौथ्यातल्या शिफारशीला तेच जुने उत्तर नव्या तारखेने पाठवू नका. नवा पुरावा असेल तर द्या, नसेल तर शिफारस मान्य करा.

महाराष्ट्रात विधानमंडळाच्या लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम आणि पंचायती राज समित्यांवर दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात आणि विभागाच्या सचिवांची साक्ष होते. पंचायती राज समिती जिल्ह्यात जाऊन जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि खातेप्रमुखांना विचारते, आणि पुढे सचिवांची साक्ष घेते. जिल्ह्यात एक आकडा आणि मुंबईत दुसरा, अशी फजिती टाळायची असेल तर जिल्ह्यातल्या साक्षीची टिपणे त्याच आठवड्यात सचिवांच्या कार्यासनाकडे पोहोचली पाहिजेत.

सचिवाची बदली झाली की थकीत शिफारशी, लेखी दिलेल्या तारखा आणि पडताळणीत अडकलेली टिपणे यांचे एक पान कार्यभार हस्तांतराच्या टिपणीला जोडा. पान जोडलेले नसेल तर नव्या सचिवाने पहिल्याच आठवड्यात वित्त सल्लागाराकडून ते मागून घ्यावे.